पाट्या आत, मुलं पडवीत

पारनेर तालुका,
रविवार, २ नोव्हेंबर १९४७

प्रिय रेबेकाआक्का हिला धाकट्या शांतवनचा सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला की अजून शेजाऱ्यांना जागवतो? माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त गावात माझ्याशी कुणी बोलत नाही आणि उपासनेला गेलो की दानीएल पाद्री सगळं प्रवचन माझ्याकडे बघून करतात. (म्हणून आज गेलो नाही. पुढच्या रविवारी त्याचंही प्रवचन होईल.)

झालंय असं, की माझ्या वर्गातल्या बायडाची शाळा सुटली आणि ती सुटायला मी कारण झालो. बायडा म्हणजे महारवाड्यातल्या लंकाबाईची पोर. (ही माणसं ख्रिस्ती नव्हेत. आपल्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेण्याआधी आपण जे होतो, ते ही अजून आहेत, एवढाच काय तो फरक.) आमच्या शाळेत ही मुलं पडवीत बसतात आणि बाकीची आत. माझा वर्ग असा दोन्हीकडे सांडलेला, म्हणून मी उंबऱ्यात उभा राहून शिकवतो. पण बायडासारखा सुबक हात आतही कुणाचा नाही आणि बाहेरही नाही.

नवं सरकार आल्यावर वरून हुकूम आला, की जातधर्म न बघता मुलांना एकत्र बसवा. आमचे हेडमास्तर आसाराम मास्तर माणूस वाईट नाही, पण त्यांना हुकमाची भीती वाटते आणि गावाचीही. दसऱ्याच्या पाटीपूजनाला दरवर्षी आतल्यांच्या पाट्या आत मांडतात आणि पडवीतल्यांच्या पडवीत. यंदा मास्तरांनी दोन्ही भीतींना पुरेल अशी युक्ती काढली. मुलं बाहेरच ठेवली आणि पाट्या तेवढ्या आत घेतल्या! (वर कळवलं, 'अंमलबजावणी सुरू आहे.') एकाच्या आकड्यांची सरस्वती फळ्यावर काढून दाखवली ती मी. माझं वळण बरं आहे आणि खडू हातात आला की मला राहवत नाही, हे तुला माहीतच आहे. मुलांनी ती आपापल्या पाटीवर उतरवली आणि सगळ्यांची मिळून एकच चळत झाली.

पूजेला रंगुबाई पाटलीण आल्या. त्यांनी चळत चाळून सगळ्यांत देखणी पाटी उचलली, पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि डोकं टेकवलं. मागोमाग सगळ्या गावानं टेकवलं. पाटी कुणाची ते मी लांबूनच ओळखलं होतं, आक्का, आणि मी गप्प होतो, कारण मला फार आनंद झाला होता. तेवढ्यात खिडकीच्या गजांतून बायडा ओरडली, "माझी हाय ती! मास्तर, माझी पाटी!" तिला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

पुढचं विचारू नकोस. (विचार, नाहीतर मला चैन पडायचं नाही.) पाटी फोडावी तर तिच्यावर देवी, ठेवावी तर ती बायडाच्या हातची. पुसावी, तर पुसायचं कुणी? मंडळी दिवे लागेपर्यंत पारावर बसली. कुणी म्हणालं विहिरीत सोडा, तर विहीर बाटेल. शेवटी आसाराम मास्तरांनी ती ओढ्यात सोडली, अंघोळ केली आणि घरी जाऊन रडले म्हणतात. एकुलती एक पाटी होती पोरीची.

आता गाव म्हणतं, किरिस्ताव मास्तरानं देवी बाटवली. दानीएल पाद्री म्हणतात, मूर्ती काढून मास्तरच बाटला. दोन्ही बाजूंनी एकदा समोरासमोर बसून कोण कुणामुळे बाटलं ते ठरवावं, पण ते एकमेकांच्या ओट्यावर बसत नाहीत. देवीनं मात्र अजून तक्रार केलेली नाही.

मी लंकाबाईकडे गेलो. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. म्हणाली, "पोरगी लई हुशार झाली मास्तर, तितंच वंगाळ झालं. तुमी वाईच कमी शिकवलं असतं, तर बसली असती की पडवीत." बायडा चुलीपुढच्या राखेत बोटानं आकडे गिरवत होती. मला बघितलं आणि तिनं ते घाईघाईनं तळहातानं पुसून टाकले. आक्का, ते माझ्या फार जिव्हारी लागलं. अजून जेवण जात नाही.

बाकी सर्व क्षेम. दाजींना सलाम, मुलांना गोड पापा.

तुझा,
शांतवन

ता. क. तुमच्या मिशनच्या बोर्डिंगात ख्रिस्ती मुलीच घेतात, हे मला माहीत आहे. दानीएल पाद्रीही म्हणाले, आधी बाप्तिस्मा, मग पाटी. आत घ्यायला प्रत्येकाची काही ना काही अट आहेच. म्हणून बोर्डिंग नको. बायडाला तुझ्या घरी ठेव आणि नगरपालिकेच्या शाळेत घाल. तिच्या खाण्याची काळजी करू नकोस, फार थोडं खाते.

आणखी ता. क. हे पत्र तुला लंकाबाईनं आणून दिलं असेल. तिच्या मागं अंगणात जी उभी आहे, तीच बायडा. पत्र फार लांबलं, आणि तेवढा वेळ पोर उन्हात उभी आहे. 'आत ये' म्हटल्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाही, आणि तसं तिला आजवर कुणी म्हटलेलं नाही. ऊठ, आक्का.