डॉसची शेवटची बॅच

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ जून २००७

प्रिय बसव्वा,

अकरा वर्षांनी माझं पत्र येतंय. परवा तुझी रक्षिता क्लासमध्ये आली. मी आधी ओळखलंच नाही; गडहिंग्लजहून आले म्हणाली, तेव्हा तुझीच हनुवटी दिसली.

त्र्याण्णव साली बाळासो सरांनी आपल्या दोघींना या कॉम्प्युटर क्लासात एकाच दिवशी शिकवायला ठेवलं, आठवतं? मशीन चार, त्यातल्या तीन मशीनना हार्डडिस्क नाही. आधी मशीन चालवणाऱ्या डॉसची फ्लॉपी घालायची, ती कुरकुरत वाचली जायची, मग काळ्या पडद्यावर लुकलुकती रेघ. मी पोरांकडून कमांड पाठ करून घ्यायचे. आत काय चालतं ते मात्र तू सांगायचीस. टाइप केलेला शब्द डॉस वाचतो, फ्लॉपीवरच्या कोष्टकात फाइलची जागा शोधतो, सांगितलेलं एकच काम करतो आणि पुढच्या हुकमाची वाट बघत थांबतो. तिकडं अमेरिकेत एकानं दोनेक महिन्यांत घाईनं हे लिहिलं आणि दुसऱ्या कंपनीनं विकत घेऊन जगभर नेलं, हेही सांगायचीस. वर म्हणायचीस, “करणाऱ्यानंच गडबडीत केलंय, तुम्ही चुकलासा तर लाजताय कशाला?”

आपल्या बॅचमधल्या पन्नाशीच्या झुंबरबाईंनी तीन आठवडे खपून टाइप केलेली गावच्या ओव्यांची फाइल चुकून पुसली, तेव्हा त्या तोंडाला पदर लावून रडत होत्या. तू म्हणालीस, “रडू नकासा. डॉस फाइलीच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडतंय. बाकी सगळं हाय तिथंच हाय.” ते अक्षर विचारून घालून दिलंस आणि ओव्या परत आल्या.

त्याच संध्याकाळी एसटी स्टँडवर तू मला एकटीला सांगितलंस. डोळ्यांचा पडदा कडेनं वाळत चाललाय, नळीतून बघितल्यागत दिसतंय. “डॉसमध्ये कर्सर ठरल्या जागी असतोय, हुडकावा लागत न्हाय. तवर चालंल की. सरांस्नी बोलू नगंस.” रक्षिताच्या वडिलांच्या माघारी तुला ही नोकरीच होती. मी तुझा हात धरून शपथ घेतली.

शहाण्णवला विंडोजची मशीन आली. सगळं चित्रांत. तू माउस हलवायचीस आणि बाण कुठं गेला ते पडदाभर शोधत बसायचीस. पोरं हसायला लागली की मीच त्यांना गप्प करायचे. मग एका दुपारी सरांनी मला बोलावून विचारलं, दोघींतली एकच ठेवायची झाली तर कुणाला ठेवू? मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, “बसव्वाला बाण दिसत नाही, सर. तिचे डोळे जाताहेत.” अगदी काळजीच्या सुरात म्हणाले. त्या सुराची मला अजून किळस येते.

सर भले माणूस. डॉसची बॅच बंद झाली, एवढंच तुला सांगितलं. तुला पोचवायला स्टँडवर मीच आले होते. सहा वर्षांची रक्षिता खिडकीत बसली होती. तू म्हणालीस, “विंडोजनं घालवलं बघ मला.” आणि मी मान हलवून म्हणाले, “व्हय गं.”

परवा रक्षिता सांगत होती, आईला आता उजेडसुद्धा कळत नाही. मग फॉर्म पुढं करून म्हणाली, “आई म्हणती, शिकायचं तर पद्मावती मावशीकडंच. तिनं माझी गोष्ट कुणाला सांगितली न्हाय.” माझ्याच्यानं त्या फॉर्मवर सही झाली नाही. सोमवारी ये म्हणून तिला परत पाठवलं. हे पत्र तुला तीच वाचून दाखवणार, हे जाणूनच मी लिहिलंय. कुणाकडं शिकायला येतेय ते तिलाही कळायला हवं. हे ऐकूनही तू तिला पाठवलीस, तर मला येतं ते सगळं तिला शिकवीन. नाही पाठवलीस, तर मी का म्हणून विचारणार नाही.

‘तुझीच’ लिहायला धजत नाही,
पद्मावती