सहाशे-सोळाचे चार टायर

१९ ऑगस्ट, मंगळवार
आज ओढ्याच्या वळणावर जीप पुन्हा बसली. वस्तीपासून डांबरापर्यंत अडीच किलोमीटर, पण हे वळण म्हणजे निव्वळ काळी माती. फोर-व्हील लावलं तरी चारी चाकं जागच्या जागी गरगर. नगरला डायलिसिसची वेळ अकराची. हे शेजारच्या सीटवर, डावा हात मांडीवर जपून ठेवलेला. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता पाय काढ, शालन. जेवढी रेटशील तेवढी खाली जाईल."
दीर भाऊसाहेब ट्रॅक्टर घेऊन आले, त्यांनी ओढली. पोचायला दीड वाजला. चार तासांऐवजी अडीचच तास मशीन मिळालं, पुढचे पेशंट ताटकळत होते. सिस्टर म्हणाल्या, "काकू, असं परत नको. अंगात पाणी राहतं."
येताना हे झोपले. चेहऱ्यावर सूज आहेच.

२० ऑगस्ट, बुधवार
अंगणवाडीचं काम उरकून आल्यावर चारी टायर नीट बघितले. नक्षी उरलीच नाही, हात फिरवला तर पोळपाटावर फिरवल्यासारखा. यांना खाटेवरून दिसत होतं मी काय करतेय ते.
"काय गं, चाकाखाली काय हुडकती?"
"टायर गेलेत."
"ते मला दोन वर्सं झाली म्हाईत हाय."
यांची बावीस वर्षं याच जीपवर गेली. शेवगाव, तिसगाव, पैठण, वडाप केलं, सीटवर भाडं घेऊन माणसं नेली. सरकारी लिलावातून आणली तेव्हा नुसता सांगाडा होता. किडन्या गेल्यावर डाव्या हाताची नस जोडली, म्हणजे फिस्टुला केला, त्या हाताला जोर लावायचा नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी शिकले. शिकवलं यांनीच, शेजारी बसून. एकदाही आवाज चढवला नाही. लग्नाच्या सव्वीस वर्षांत एवढा वेळ शेजारी बसून आम्ही कधी बोललो नव्हतो.
टायर बदलू म्हटलं तर म्हणाले, यंदाचा पावसाळा काढू असाच.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
वजन ६२.४. सकाळी हाताला कान लावला, चालू. (रोज लावते. आत घूंऽऽ असा आवाज येतो, तो येतोय म्हणजे नस ठीक. हे म्हणतात, काय रेडिओ ऐकती काय.)
रस्ता वाळला होता, वेळेत पोचलो. हे मशीनवर, मला चार तास मोकळे. टायरची दुकानं फिरले.
पहिल्या दुकानातल्या पोरगेल्या माणसाने आधी विचारलं, साहेब कुठायत? मीच गाडी चालवते म्हटल्यावर जाड, रुंद, मोठमोठ्या गुट्ट्यांचे, म्हणजे रबराच्या उंचवट्यांचे टायर दाखवले. बघायला राक्षसासारखे. किंमत ऐकून मी फक्त "बरं" म्हणाले.
दुसरं दुकान शेखभाईंचं, स्टँडच्या मागे. साठीचे असतील. बसायला स्टूल दिलं आणि मग विचारलं, "डांबर किती, चिखल किती?" मी म्हटलं, जाऊन येऊन डांबर एकशे तीस, चिखल पाच. "माती कुठली?" काळी, चिकट. "आणि स्टेअरिंग? पॉवरचं का साधं?" साधं.
मग म्हणाले, "ताई, मग ते रुंद नकोतच. तुमचे खांदे जातील. उभे, अरुंद घ्या. सहाशे-सोळा. जुन्या जीपचं माप. गुट्ट्या लांब लांब पाहिजेत, म्हणजे माती अडकून बसत नाही, चाक फिरलं की फेकली जाते. डांबरावर आवाज करतील, ते सोसा."
स्वस्तही तेच. सगळं वहीत लिहून घेतलं, किमतीचे आकडे सोडून.

२३ ऑगस्ट, शनिवार
सकाळी यांना सांगितलं. पहिल्यांदा खूश झाले, शेखभाई कोण, दुकान कुठं, गुट्टी किती खोल, सगळं विचारलं. मी म्हटलं, निदान पुढचे दोन घेऊ.
"दोन न्हाई चालत. चारीची उंची एकसारखी पायजे. न्हाईतर फोर लावल्यावर आतले गिअर भांडत्यात."
"मग चार घेऊ."
यांनी डाव्या हातावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तसले टायर पाच वर्सं जातात, शालन."
मला कळलं, स्वतःची पाच वर्षं यांना धरवत नव्हती. मी उठून गाईला पाणी दाखवायला गेले. गाईला तहान नव्हती.

२५ ऑगस्ट, सोमवार
पुण्याहून लेकीचा, रूपालीचा फोन. ती पैसे पाठवते म्हणाली. यांनी फोन माझ्याकडून घेतला, "काही पाठवू नको, गाडी झकास हाय," आणि ठेवून दिला. माझ्याशी जेवणापुरतं बोलले.
दुपारपासून आभाळ भरलंय. भाऊसाहेबांचा ट्रॅक्टर पैठणच्या बाजूला भाड्याने गेलाय, परवा येणार. उद्या आमची फेरी.

२६ ऑगस्ट, मंगळवार
निघालो. वळणापर्यंतसुद्धा नाही, त्याच्या अलीकडेच बसली. पोती घातली, तुराट्या घातल्या, फळी घातली. फळी चाकाखालून उडून बांधावर पडली. हे खाली उतरले आणि उजव्या हाताने मागून ढकलायला लागले. मी ओरडले. एवढ्या मोठ्याने यांच्यावर कधी ओरडले नव्हते.
चालत परत आलो. अर्ध्या किलोमीटरला हे चार वेळा थांबले.
फेरी चुकली. सेंटरला फोन केला. म्हणाले, पाणी अजिबात कमी द्या, केळी-टोमॅटो बंद, जमेल तितक्या लवकर आणा.

२७ ऑगस्ट, बुधवार
पहाटेपासून यांना आडवं होता येईना. उशा लावून बसवलं तरी धाप. पाय दाबला की खड्डा तसाच राही. भाऊसाहेब सातला ट्रॅक्टर घेऊन परत आले, तोंडसुद्धा न धुता ट्रॉली जोडली. ट्रॉलीत गादी, गादीवर हे बसून, मी मागून पाठीला पाठ लावून. पाऊस चालूच. यांनी छत्री धरली होती. डांबराला लागल्यावर बघितलं तर छत्री सगळी माझ्यावर, हे पुरते भिजलेले.
फाट्यावर फोन करून बोलावलेली अँब्युलन्स उभी होती. नगरला पोचताच मशीनला लावलं.
बारापर्यंत मी बाहेर बाकावर. काय विचार केला ते लिहीत नाही.
बाराला आत सोडलं. श्वास खाली बसला होता. मला वाटलं झोपलेत, डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, "त्या शेखभाईला इचार, सहाशे-सोळा चारी हायेत का. तारीख नवी पायजे."
मी म्हटलं, कसली तारीख?
"टायरवर आसती. दावतो तुला."

२९ ऑगस्ट, शुक्रवार
फेरी नीट झाली. वजन ५९.८. बऱ्याच दिवसांनी गालाची हाडं दिसली.
जीप भाऊसाहेबांनी कालच ओढून डांबराला लावून ठेवली होती, त्यामुळे डांबरापर्यंत ट्रॉलीत आणि पुढं जीपनेच गेलो. येताना हेच म्हणाले, स्टँडकडून घे. डायलिसिसनंतर खरं तर सरळ घरी जायचं असतं. बी.पी. बघितलं होतं, ठीक होतं. घेतली.
आधी त्या पहिल्या दुकानात नेलं मला. तिथं कोपऱ्यात सहाशे-सोळाच होते, शेखभाईंपेक्षाही बरेच स्वस्त. मी मनातल्या मनात घेऊन टाकले. हे टायरजवळ उकिडवे बसले, रुमालाने बाजू पुसली आणि मला खाली बोलावलं. चार आकडे. "पहिले दोन आठवडा, मागचे दोन साल. बघ." सहा वर्षांपूर्वीचा माल. नखाने दाबलं, बारीक भेगा. "हे गोदामातच म्हातारं झालंय." दुकानदाराला काही बोलले नाहीत, उलट "नंतर येतो" म्हणाले. हे असेच.
शेखभाईंकडचे या वर्षीचे निघाले. दोघं टायर सोडून वडापाच्या जुन्या गोष्टीच बोलायला लागले. जुन्याच टायरवर नवी नक्षी चढवून घेतली तर निम्म्यात होईल का, मी विचारलं. दोघं एकदमच नाही म्हणाले, बाजूच्या रबरातली कापडं गेलीत म्हणून.
चारी बसवले. दुधाचे आणि माझ्या मानधनाचे साठवलेले होते, भागलं. स्टेपनी जुन्यातली बरी ती ठेवली.
हे स्टुलावर बसून शेवटचा नट आवळेपर्यंत बघत होते. मला म्हणाले, "वास घे." घेतला. रबराचाच वास. पण यांचं तोंड असं झालं होतं की मी पुन्हा एकदा घेतला.

२ सप्टेंबर, मंगळवार
कालपासून पाऊस. सकाळी मला शिव्या द्याव्याशा वाटत होत्या पावसाला. हे मात्र आठलाच तयार.
वस्तीवर चारी चाकांची थोडी थोडी हवा सोडली, यांनी सांगितली तेवढी. टायर खाली जरा पसरतो, धरून चालतो. फोर लावलं, दुसऱ्या गिअरवर.
"थांबू नको. पळवूबी नको. जशी चालती तशी चालू दे."
वळणाला मागची बाजू सरकली. मी ब्रेककडे पाय नेला. "न्हाई, न्हाई. जिकडं जायचंय तिकडं बघ. चिखलाकडं बघू नको." गुट्ट्यांनी उडवलेला चिखल टपावर तडतड वाजत होता. मग काहीतरी घट्ट लागलं खाली, आणि जीप चढली. चढलीच!
डांबरावर आल्यावर मी गाडी उभी केली. हे हसायला लागले. मीपण. पायपंपाने हवा भरताना हे मोजत होते, मी दाबत होते. मध्येच मुद्दाम आकडा चुकवला, मला जास्त दाबायला लावलं.
अकराच्या आधी पंधरा मिनिटं पोचलो. सिस्टर म्हणाल्या, काकू आज काय विशेष? काही नाही म्हटलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार
आज डॉक्टरांनी दोघांना बसवलं. यांचं वय चोपन्न, हृदय चांगलं आहे, अजून किडनी बदलता येईल. घरातलं कोणी देणारं असेल तर लवकर. रक्तगट आमचा एकच. मी लगेच म्हटलं, माझी घ्या. डॉक्टर हसले, "काकू, आधी तपासण्या. पुण्याला जावं लागेल." फाईल दिली.
परतीला पासष्ट किलोमीटर हे फाईल मांडीवर धरून बसले. टायरचा घूं घूं आवाज तेवढा.
घरात शिरताना, "तुला काय झालं तर?"
मी म्हटलं, काही होत नाही.
"तसं कुनी लिहून देतं का?"

८ सप्टेंबर, सोमवार
तीन दिवस तो विषय नाही. फाईल कपाटावर होती, आज बघितली तर यांच्या उशाशी. कागदांचा क्रम बदललाय. विचारलं नाही.
रूपालीला अजून सांगितलं नाही.
संध्याकाळी अंगणात बसलो होतो तर यांनी आपणहून माझा हात घेतला आणि मनगट उलटसुलट करून बघितलं, जशी माझी नस बघतायत. "बारीक झालीस," म्हणाले. मी म्हटलं, स्टेअरिंग ओढून ओढून. "मग आजून हलकं स्टेअरिंग मिळतंय का बघू," म्हणाले. एवढंच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
फेरी झाली. वजन ठीक. वळणावर पाणी होतं, निघाली.
येताना तिसगावच्या पुढं, मला वाटलं झोपलेत, तर एकदम, "त्या तपासन्या करायच्या म्हनल्यावर फेऱ्या किती पडतील पुन्याला?"
मी समोरच बघत राहिले. "पाच-सहा, डॉक्टर म्हणाले."
"मुक्काम?"
"रूपालीकडं."
एका ट्रकला साइड दिली.
"रस्ता तर सगळा डांबरीच हाय," म्हणाले. आणि काच खाली करून बाहेर बघत बसले.
याचा अर्थ हो का, ते विचारलं नाही. गाडी चालवत होते. घरी आल्यावरही विचारलं नाही. भाकरी टाकल्या. हे अर्धी जास्त जेवले.