टेसासाठी बांधलेला घास

३१ जुलै, गुरुवार

१. एप्रिलमध्ये माझी रूममेट टेसा आमच्या टोरांटोच्या फ्लॅटमधून दुसरीकडे राहायला गेली. कारण: ऑफिस लांब पडतं.
२. उद्यापासून आम्ही तळ्यावर कॅम्पिंगला जातोय. टेसा, तिच्या ऑफिसातला ग्रॅहम (गाडी त्याची), माझ्या कोरियन चर्चमधली, माझ्याहून धाकटी मिन्जी, आणि मी.
३. कोरियन स्वयंपाक माझ्याकडे, इथला ग्रॅहमकडे, असं मी ग्रुपवर लिहिलं.
४. कोणी उत्तर दिलं नाही. म्हणजे एकमत.

निर्णय: सप्टेंबरपासून टेसा परत माझ्याकडे राहायला येईल, हे या सहलीत पक्कं करायचं. तिची खोली मी रिकामीच ठेवली आहे. जेवणानंतर विचारायचं. पोट भरलेलं माणूस सहसा नाही म्हणत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मी शीतगृहांची इंजिनियर आहे. मांस आणि बर्फ कसे रचायचे ते मला कोणी सांगायला नको. किमची म्हणजे आंबवलेली कोबी, तिच्यातून वायू सुटतो, म्हणून बरणीचं झाकण मुद्दाम सैल ठेवलं. गाडीत सगळ्यांनी काचा खाली केल्या. हवा छानच होती. ग्रॅहम म्हणाला, मागे बघा, अस्वल लिफ्ट मागतंय. टेसा खूप हसली. सहलीची सुरुवात हसण्याने झाली, ती माझ्या किमचीमुळे.

मिन्जी मला ताई म्हणते, अहो-जाहो करते. टेसाला मात्र, ए बावळट, सरक तिकडे. मान कोणाला आहे ते उघड आहे.

२ ऑगस्ट, शनिवार. दुपार.

ग्रॅहमने न्याहारीला बेकन तळून त्यावर मेपलचा पाक ओतला. गोड आणि खारट वेगळं का ठेवावं ते मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, यावर परीक्षा आहे का? म्हणजे विषयात रस घेतोय.

नंतर तिघं होडी घेऊन गेली. होडीत तिघंच बसतात. शिवाय अन्नापाशी जबाबदार माणूस लागतं, इथे अस्वलं आहेत. अजून कोणी आलेलं नाही. अस्वलही नाही.

संध्याकाळ.

डुकराचं मांस निखाऱ्यावर उत्तम भाजलं. लेट्यूसच्या पानात मांस, लसूण, तिखट चटणी घालून घास बांधला आणि टेसाच्या तोंडाशी धरला. आम्हा कोरियन लोकांत असा घास आपल्या माणसाला भरवतात, आणि तो अख्खा तोंडात घ्यायचा असतो. फ्लॅटवर ती पिल्लासारखा आ करायची. आज म्हणाली, पोट भरलंय गं, ग्रॅहमला दे. ग्रॅहमने अर्धा चावला आणि उरलेला ताटलीत काट्याने उलगडून पाहिला.

थोड्या वेळाने मिन्जीने घास बांधला. टेसाने आ केला.

भूक अशी मधेच परत लागू शकते. विचारणं उद्यावर.

३ ऑगस्ट, रविवार

ग्रॅहमने काठीला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर धरायला दिली. याला बॅनॉक म्हणतात. माझा बाहेरून जळला, आत कच्चा. काठी ओली होती. टेसाने न मागता आपल्यातला अर्धा दिला, म्हणून तेव्हाच विचारलं.

ती निखाऱ्यांकडे बघत म्हणाली, अगं हेवॉन, मी आणि मिन्जीने एकत्र राहायला जागा घेतलीय, तुला सांगणारच होते. मिन्जी म्हणाली, ताई, रागावू नका हं. मी विचारलं, पार्किंग आहे का? आहे म्हणाल्या. उत्तम.

मग टेसा म्हणाली, तू जेवायला घालतेस ना, तेव्हा निकाल लागायचा असल्यासारखी तोंडाकडे बघत बसतेस. घास उतरत नाही गं.

मुद्दा तपासण्यासारखा आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

परतताना मला पुढची सीट दिली. मागे टेसा आणि मिन्जी एकमेकींवर डोकी टेकून झोपल्या होत्या. ग्रॅहमने बटर टार्टचा, म्हणजे इथल्या छोट्या गोड पाईंचा, डबा पुढे केला. एकच उरला होता. तूच घे म्हटलं, तर त्याने घेतला.

किमचीची बरणी जवळजवळ भरलेली परत आली. थेंबही सांडला नाही, मी केलेली बांधाबांध भक्कम होती.

५ ऑगस्ट, मंगळवार

टेसाला मेसेज लिहिला. आधी माझा फ्लॅट कसा सोयीचा, ते मुद्देसूद लिहिलं होतं. सगळं खोडलं. पाठवला तो एवढाच:

टेसा, रविवारी दुपारी जेवायला येशील का? मिन्जीलाही घेऊन ये. येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव.