लेंडीखत मीच घातलं

प्रगती सूनबाई,

शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद अंथरून तू परसात किडं खाणाऱ्या झाडांसाठी दलदल केलीस, ती मी नासवली. "आबा, यांना खत चालत न्हाई," असं तू तीनदा सांगितलं व्हतंस. पण जल्मभर मेंढरं राखलेल्या मला ते पटंना. तू पुण्याला गेलीस तवा पाटीभर लेंडीखत मुळाशी घातलं. झाडं काळी पडली. काल "माझंच काहीतरी चुकलं" म्हणून तू रडलीस, आन् मी चहा पीत गप बसलो.

वरवंडला लेकीकडं चाललोय. एक रोप जगलंय, पावसाच्या पाण्यात धुऊन कुंडीत लावलंय. आज सकाळी त्यानं माशी धरली. तुला हाक मारायला धावलो, पण दारातनंच माघारी फिरलो आन् ही चिठ्ठी लिहायला बसलो.

— आबा