वरचं नव्हे, शेजारचं कोर्ट

बाई,

एक गंभीर तक्रार आहे. इथं आखातात, सलमाबादच्या आमच्या ऑफिसात एसी एक आणि त्याचे रिमोट दोन झाले आहेत. एक मॅनेजरसाहेबांकडे, दुसरा स्टोअरकीपरकडे. एकाला हिमालय हवा असतो, दुसऱ्याला वैशाख. मधल्या टेबलावर मी, खांद्यावर टॉवेल आणि कपाळावर घाम, अशा उभयपदी अवस्थेत बसलेला असतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दोन ऋतू एका टेबलावर मिळतात आणि वर रडतोस?"

लिहायला बसलो ते एसीसाठी नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. माझी लेक अमेरिकेत असते. तिच्या नवऱ्यानं घटस्फोटाचा दावा लावलाय आणि माझी चार वर्षांची नात कुणाकडे राहणार, ते आता कोर्ट ठरवणार. मी इथून रुबाबात सल्ला दिला. आपल्या माणसाला कोर्ट म्हटलं की एकच जिना दिसतो: तालुका, जिल्हा, हायकोर्ट, दिल्ली. "घाबरू नकोस," मी म्हणालो, "हे राज्याचं कोर्ट म्हणजे खालचं. इथं हरलीस तर वर फेडरलमध्ये जाऊ." ती म्हणते, "बाबा, ते वरचं नाहीये. शेजारचं आहे."

वकीलबाईंनी तिला समजावलं, तिनं मला. तिथं जिने दोन. राज्याची कोर्टं वेगळी, त्यांचं सुप्रीम कोर्टसुद्धा राज्याचं स्वतःचं, केंद्राची, म्हणजे फेडरल, वेगळी. दोन्ही जिने भेटतात ते अगदी माथ्यावर, तेही क्वचित. लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा हे राज्याच्या घरातलं. फेडरल कोर्ट त्यात पडत नाही. व्हिसा केंद्राच्या घरातला. राज्याचा न्यायाधीश त्याला हात लावत नाही. आणि माझ्या लेकीचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. राज्याच्या न्यायाधीशबाई भल्या आहेत. त्यांनी नात सध्या आईकडेच ठेवली, पण तिला राज्याबाहेर न्यायचं नाही, असा हुकूम दिला. निकालानंतरही ही अट राहावी, असा बापाचा आग्रह आहे. वकीलबाईंनी विचारलं, घटस्फोट झाला की आईचा व्हिसाच संपतो, मग काय? न्यायाधीशबाई म्हणाल्या, तो विषय माझ्यापुढे नाही. म्हणजे निकाल लागला की आईला राहता येत नाही आणि लेकराला निघता येत नाही. "दोघंही राइट आहेत, बाबा," लेक म्हणाली, "दॅट्स द प्रॉब्लेम."

आमच्या ऑफिसात व्हिसाची कामं बघणारे रत्नागिरीचे एक चाचा आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अरे भाऊ, डोकं कशाला शिणवतोस? पोरीला बोलव इकडं. व्हिजिट व्हिसा मी काढतो, खलास!"

"आणि नात?"

चाचांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "तिचा पासपोर्ट तिकडचा, त्यात कोर्टाचा हुकूम... इंशाल्ला." चाचांचं इंशाल्ला दोन प्रकारचं असतं. हे दुसऱ्या प्रकारचं होतं.

तेव्हापासून मला आपलं वसतिगृह आठवतंय. तुमचा संस्कृतचा जादा तास सुटेपर्यंत तिथली पंगत उठलेली असायची. हेडमास्तर म्हणत, जेवण हा वसतिगृहाचा प्रश्न. रेक्टर म्हणत, तास हा शाळेचा प्रश्न. दोघांचंही बरोबर, आणि मी उपाशी. तुम्हाला कळलं तेव्हा आधी मलाच झापलंत, "धातू घडाघडा चालवतोस आणि भूक लागली एवढं सांगता येत नाही?" मग तुमच्या घरी ओट्याजवळ पाट मांडलात. बौद्धवाड्यातला मुलगा थेट स्वयंपाकघरात पाहून शेजारच्या काकू दारात थबकल्या आहेत, आणि तुम्ही मागे वळूनही न बघता म्हणताय, "आलात ते बरं झालं, एवढी भाकरी थापून द्या." काकूंनी थापली. जाडी झाली होती, पण थापली.

तसलं तिसरं दार तिथं कुठं आहे का, ते शोधतोय, बाई. वकीलबाई म्हणतात, एखाद्या कंपनीनं नोकरी दिली आणि तिच्या स्वतःच्या नावानं व्हिसा केला तर जमेल. लेक अर्जांवर अर्ज करतेय. अजून कुणी बोलावलेलं नाही.

काल तुबलीला खाडीच्या कडेला गाडी लावून फोन केला. नातीला विचारलं, काय करतेस? "आय ॲम बिझी, आजोबा," म्हणून ती पळाली. मग लेकीनं हळूच विचारलं, "नाहीच जमलं तर, बाबा?" मी म्हणालो, नेटवर्क खराब आहे, ऐकू येत नाही. नेटवर्क उत्तम होतं.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, आणि टाकणारही नाही. पण लिहून ठेवतो. लेक एकटीच परत येईल, याची मला भीती वाटते. आणि त्याहून जास्त भीती याची, की विमानतळाच्या दारातून ती बाहेर येताना दिसली की क्षणभर का होईना, मला आनंदच होईल.