शेवटचं लिहिलेलं खरं

३ ऑगस्ट, रविवार

पोचलो एकदाचे. मी, पिहला, नऊ खोकी आणि पिहलाच्या मांडीवरची बरणी. बरणीत दोन गोगलगायी. अख्खा बसप्रवास करूनही त्या माझ्यापेक्षा ताज्यातवान्या दिसत होत्या. घर तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून तळं. पिहलाने बाल्कनीत उभं राहून जाहीर केलं की हे आपलं जहाज आहे आणि ती कप्तान आहे. मला भांडी घासायचं काम मिळालं. आठ वर्षांच्या कप्तानाकडून ही मेहेरबानीच.

हापासाल्मीत एक तळं, एक दुकान, एक चर्च आणि नगरपालिकेच्या तळघरात एक सर्व्हर. गावाला धाक आहे तो सर्व्हरचा. त्याच्याच नोंदखोलीत मला नोकरी मिळाली आहे. तीन महिने उमेदवारी. कायम झाले तर पिहला माझ्याकडे राहील, नाही झाले तर ओउलुला, बापाकडे. न्यायाधीशबाईंनी निकाल इतक्या गोड आवाजात वाचला की मी जवळजवळ आभार मानले होते.

पण आज ते नको. आज तळं आहे, जहाज आहे, आणि खालच्या बेकरीतून वेलदोड्याचा वास येतोय.

६ ऑगस्ट, बुधवार

नोंदखोलीत आम्ही दोघीच. तुइरे माझी वरिष्ठ. साठीला आलेली, आवाज कधीच न चढवणारी. एका कॉफीत तिने सगळं काम समजावलं. गावातल्या प्रत्येकाला एक क्रमांक, त्याला किल्ली म्हणायचं. किल्लीखाली त्या माणसाची नोंद: नाव, घर, नवरा-बायको, मुलं, औषधं, नोकरी, सगळं एका पुडक्यात. दवाखाना, शाळा, दुकान, घरांची कुलपं, ज्याला जे हवं ते एचटीटीपीवरून सर्व्हरला विचारतात, म्हणजे ब्राउझर पान मागतो त्याच वाटेने. 'गेट' म्हणजे दे. 'पुट' म्हणजे ठेव, आणि ठेवायची मुभा त्या सगळ्यांनाच, कुलपांनासुद्धा. 'डिलीट' म्हणजे काढून टाक. किल्लीखाली काही नसेल तर सर्व्हर म्हणतो चारशे चार: असं कुणी नाही. काही ठेवलं किंवा काढलं की म्हणतो दोनशे चार: झालं, बोलण्यासारखं काही नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर घरात हेच उत्तर दिलं, त्यांना फक्त आकडा माहीत नव्हता.

एक गोष्ट तुइरेने दोनदा सांगितली. पुट ठिगळ लावत नाही, अख्खं पुडकं बदलतं. एक ओळ बदलायची असली तरी आधी पूर्ण नोंद मागवायची, त्यात ती ओळ बदलायची आणि पूर्ण नोंद परत ठेवायची. जुन्याची प्रत राहत नाही. शेवटचं लिहिलेलं खरं.

२० ऑगस्ट, बुधवार

इथे कुणी कुणाला काही विचारत नाही. ग्रंथालयात मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर तिथली बाई अशी कावरीबावरी झाली जसं काही मी शर्टाची बटणं काढायला घेतली. तिने नजर खाली घालून कार्ड टेकवायची पट्टी दाखवली. माणसाला त्याच्याबद्दल त्याच्याच तोंडावर विचारणं असभ्य. सर्व्हरला विचारायचं, तो लाजत नाही. शेजारीण मला जिन्यात भेटते, छान हसते, आणि पिहलाचं नाव, इयत्ता, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी हे सगळं तिला आधीच ठाऊक असतं. सुरुवातीला अंगावर काटा आला. आता आवडायला लागलंय. घटस्फोटावर एकही प्रश्न नाही. स्वर्ग असाच असणार.

११ सप्टेंबर, गुरुवार

गुरुवार म्हणजे खानावळीत वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. उशीर झाला की सूपात घालायची मोहरीची चटणी संपते. निघता निघता अह्ती वेस्तेरिनेन नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला, त्यांचा फोन नंबर बदलला होता. मी नवा नंबर त्यांच्या किल्लीखाली ठेवला. दोनशे चार. मोहरी मिळाली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मी फक्त नंबर ठेवला. बाकीची नोंद मागवलीच नव्हती.

सकाळी अह्ती स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. औषधाच्या दुकानात हृदयाच्या गोळ्या दिल्या नाहीत, घराचं कुलूप कार्डाने उघडत नाही, असं ते अत्यंत संकोचून सांगत होते, जणू तक्रार करणं हाच गुन्हा. बेल वाजवल्यावर बायकोने दार उघडलं. मग त्यांनी थोडा वेळ टोपीकडे पाहिलं.

"एकोणपन्नास वर्षं झाली लग्नाला," ते म्हणाले. "तिने मला पाहुण्यांच्या कपात कॉफी दिली, बाई."

मी तुइरेला चूक सांगितली. ती चिडलीसुद्धा नाही. अह्ती सांगतील तसं लिहून टाकू, असं मी सुचवलं, तेव्हा तिने मान हलवली. नोंद नोंदीवरूनच होते. तोंडावरून लिहायला लागलो तर उद्या गावात सगळेच डॉक्टर, सगळेच जमीनदार. मग बायकोच्या नोंदीवरून तरी? ती आम्ही मागवली. नवऱ्याची किल्ली रिकामी दिसली म्हणून घराच्या कुलपाने रात्रीच तिथे 'एकटी' असं ठेवलं होतं. नवं ते खरं.

चूक कुणाची ते लिहायचं का, असं तुइरेने विचारलं. उमेदवारीच्या कागदात जाईल म्हणे. मी नको म्हटलं. पिहलासाठी, असं स्वतःला सांगितलं. स्वतःला काहीही सांगता येतं, तिथे नोंद लागत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

अह्ती दोन आठवडे आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसत होते. त्यांच्याजवळ आता फक्त एक फोन नंबर होता. जेवणाच्या टेबलावर मी म्हटलं की एवढा आटोपशीर माणूस मी आजवर पाहिला नाही, आणि सगळे हसले. मीही हसले. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

दर शुक्रवारी सफाई असते. ज्या किल्लीखाली बरेच दिवस ना नाव, ना नोकरी, ती डिलीट करायची. यादी तुइरे देते, बटण मी दाबते. या शुक्रवारी अह्तींची किल्ली होती. दोनशे चार. आज बाक रिकामा. कोट तेवढा राहिला होता, तो तुइरेने हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात टांगला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

काल वेस्तेरिनेनबाईंना फोन केला, काहीतरी खोटं कारण काढून. मी पहिल्यापासून एकटीच राहते म्हणाल्या. न्हाणीघरात पुरुषाचा वस्तरा सापडला, नळवाल्याचा असेल, परत न्यायला सांगाल का? आवाजात दुःखाचा मागमूस नाही. म्हणजे माणसं नोंदीप्रमाणे वागतात एवढंच नाही. नोंद बदलली की त्यांना खरंच आठवत नाही.

तुइरेला सांगितलं. तिने डावा हात पुढे केला. अनामिकेवर अंगठीचा पांढरा वळ. कुणाची अंगठी ते तिला ठाऊक नाही. आपण सगळ्यांनी लक्षात ठेवायचं काम सर्व्हरला दिलं, म्हणाली, आणि दिलेलं काम डोकं परत घेत नाही.

"दुखत नाही, राइली. मला तरी कुठे दुखलं?"

मी घरी येऊन पिहलाची नोंद मागवली. मग माझी. सगळं जागेवर. तीन वेळा पाहिलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

कायम झाले! पिहला माझ्याकडेच राहणार. तुइरेने आइस्क्रीमचा केक आणला आणि भेट म्हणून कायम झाल्याची माझी नोंद तिने स्वतःच्या हाताने केली. दोनशे चार आलं, वरच्या मजल्यावरचेसुद्धा टाळ्या वाजवायला उतरले होते. मी रडले. पिहलाला फोन करून सांगितलं, तर कप्तानाने मला भांड्यांवरून सुकाणूवर बढती दिली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी कुलूप उघडेना. पिहला शाळेतून येऊन आत होती, तिने उघडलं. थंडीने कार्ड बिघडलं असेल, असं म्हणत झोपले.

सकाळी माझी किल्ली मागवली. किल्लीखाली एकच ओळ आहे. नोकरी: कायम.

नाव नाही. घर नाही. मूल नाही.

मी तुइरेसमोर उभी राहिले. तिने वाचलं, ओठ मुडपले. केक वितळायला लागला होता गं, म्हणाली. तूच मला दोनदा बजावलं होतंस, मी म्हटलं. ती शांतपणे म्हणाली की अह्तीच्या वेळी तू निदान सूप तरी गाठलंस.

पण पिहलाची नोंद शाबूत होती. त्यात आई म्हणून माझा क्रमांक, नाव, घर. नोंदीवरून नोंद, नियमात बसतं. त्यावरून माझी पूर्ण नोंद पुन्हा लिहिली. पूर्ण. प्रत्येक शब्द तपासून. दोनशे चार. झालं एकदाचं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा तीच एक ओळ.

शाळा रोज आठ वाजता पालकांच्या नोंदींची आपल्याकडची प्रत सर्व्हरवर ठेवते. ती प्रत तिने काल सकाळी घेतली होती, माझ्या दुरुस्तीच्या आधी. आज आठला तीच ठेवली. शिवाय माझ्याखाली मूल नाही म्हणून पिहलाच्या किल्लीखालीही एकच ओळ ठेवली: पालक नाहीत. आता नोंदीवरून लिहायला नोंदच नाही.

शाळेत धावत गेले. कार्यालयात लाह्या सुन्नारी, कारकून, फुलं घातलेला स्वेटर. पिहला कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती, पालक नसलेल्या मुलांना वर्गात बसवत नाहीत. मला बघून तिने हाक मारली. लाह्याने ती ऐकली. माझ्याकडे पाहून समजुतीने हसली.

"मुलगी गोड आहे हो," म्हणाली. "कुणाची आहे ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

मी पिहलाचा हात धरून बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. कुठे नेता, असं विचारणं असभ्य.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मी लिहिते, शाळा पुसते. मी लिहिते, कुलूप पुसतं. काल दवाखान्यानेही पुसलं. प्रत्येकाकडे माझी जुनी, एका ओळीची प्रत आहे आणि प्रत्येकजण ती प्रामाणिकपणे परत ठेवतो. कुणाचाही माझ्यावर राग नाही. तेच सहन होत नाही.

दुपारी तुइरेने माझ्या किल्लीवर लिहिण्याचा माझा अधिकार काढला. कर्मचाऱ्याने स्वतःच्या नोंदीत खुडबुड करणं बरं दिसत नाही.

पिहला माझ्या टेबलाखाली बसून गोगलगायींची चित्रं काढते आहे. तिचा वाढदिवस कधी ते आठवायला मला वेळ लागला. फार नाही. थोडा.

१२ नोव्हेंबर

वाढदिवस: ९ मार्च. शेंगदाणे चालत नाहीत. डाव्या गुडघ्यावर व्रण, सायकल. झोपताना पाठीवर बोटाने अक्षरं काढलेली आवडतात. बाप ओउलुला — त्याला फोन केला. त्याने नोंद पाहिली आणि म्हणाला, मला मुलगी नाही, राइली. तुलाही नाही. डॉक्टरकडे जा.

इथे लिहिलेलं कुणी पुसत नाही. इथेच लिहायचं.

१४ नोव्हेंबर

मुलं सांभाळणाऱ्या खात्याची एक बाई आली. निराधार मुलगी नोंदखोलीत सापडली, असं कुणीतरी कळवलं होतं. तुइरेने कळवलं. पिहला मला धरून ओरडत होती. मीही — किती सभ्य आहेत ही माणसं. तिचे हात सोडवताना तिला एकदाही दुखू दिलं नाही.

१७ नोव्हेंबर

आज तिची आठवण दुपारी आली. सकाळी आली नाही. सकाळभर मी चांगली होते.

१९ नोव्हेंबर

बाल्कनीत एक बरणी. त्यात गोगलगायी. घरात बरणी कुणी — हो. तिची. लिहून ठेव. तिची.

कुणाची —

२१ नोव्हेंबर

काम चांगलं चाललंय. तुइरे म्हणाली, माझ्याइतकी नेटकी कर्मचारी तिने पाहिली नाही. मागची पानं वाचली की डोकं दुखतं, म्हणून वाचत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सफाईचा दिवस. यादीत तीनच किल्ल्या.

काचेच्या खिडकीशी एक मुलगी उभी आहे. बालगृहातून पळून आली असावी, बूट चिखलाने भरलेत. मला आई म्हणते. मी सौम्यपणे सांगितलं की इथे असं काही — रडते आहे. तोंडावरून लिहायचं नाही हे माहीत आहे. पण सर्व्हरवर थोडंच लिहायचंय, वहीत लिहिते, म्हणजे ती गप्प होईल. ती सांगते आहे. वाढदिवस मार्चमध्ये. गुडघ्यावर व्रण, दाखवतेसुद्धा. नाव

पि

थांब म्हटलं. तुइरे यादी मागते आहे. आधी हातातलं संपवते.

पहिली. दोनशे चार.

दुसरी. दोनशे चार.

तिसरी. दोनशे चार.

खिडकीशी कुणी नाही. काचेवर दोन पंजे उमटलेत, लहान, बुडाकडून पुसट होत चाललेत. मी कुणासाठी तरी पेन उचललं होतं. वर 'पि' असं लिहिलंय, अक्षर माझंच आहे. मागच्या पानांत शोधलं तर सापडेल बहुतेक. तुइरे कॉफीला बोलावते आहे. येऊन शोधते, त्यात काय, पि म्हणजे —