जिल्हा आणि लातूर यांच्यामधली ओळ

जळकोट,
एप्रिल २०१६

तीर्थरूप दाजी यांस,

पंचाक्षरीचा शरणार्थ. रत्नम्माक्काला नमस्कार. आपली शुगर आटोक्यात असावी, निदान या पत्रापर्यंत तरी. आमच्याकडं सगळे ठीक. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले हे आमच्या नीलाबाईनं मोजायचं सोडलं, तेव्हापासून घरात शांतता आहे. आपल्या अर्धापूरच्या केळीचं काय चाललंय ते विचारत नाही.

आपण माझा फोन उचलत नाही, म्हणून लिहून राहिलो. समाजाच्या वधू-वर पुस्तिकेत आपली शिवगंगा ‘स्वतःचे दोन पाण्याचे टँकर’ असलेली म्हणून छापून आली, ती चूक माझी. पण ती गबाळेपणानं झालेली नाही, हे आपण ध्यानात घ्यावं. लई विचार करून झालेली आहे.

त्याचं असं झालं. पुस्तिका छापायला जाणार, तेवढ्यात समाजाचे अध्यक्ष रेवणप्पा माझ्या टायपिंगच्या दुकानात आले आणि म्हणाले, “पंचाक्षरी, उदगीर जिल्हा आता होतोच बघ. सगळीकडचं ‘जिल्हा लातूर’ काढ, ‘जिल्हा उदगीर (नियोजित)’ टाक. पुस्तिका जुनी दिसाया नको.” (मंत्रालयाला ही बातमी अजून नाही, पण रेवणप्पांना आहे.) साधं शोधून बदलायला गेलो, तर निम्मे सापडेनात. कारण मी टायपिंग शिकलो जुन्या टाइपरायटर मशीनवर. ओळ संपली की हात आपोआप एंटर मारतो. त्यामुळं ‘जिल्हा’ वरच्या ओळीच्या टोकाला आणि ‘लातूर’ खालच्या ओळीत, अशी पुष्कळांची ताटातूट झालेली. कुठं मधे रेघ, कुठं स्वल्पविराम.

दुसरा कुणी असता तर हातानं एकेक बदलत बसला असता. मी रेग्युलर एक्स्प्रेशन लावलं, म्हणजे नेमका शब्द न देता खुणांचा साचा देऊन कॉम्प्युटरला शोधायला लावलं. (जळकोट तालुक्यात हे येणारा दुसरा माणूस असल्यास कळवावं, मी चहा पाजतो.) थोडक्यात सांगतो. टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर. चांदणी म्हणजे पाहिजे तितकी. टिंब एरवी ओळीच्या शेवटाला थबकतं, त्याला ओळ ओलांडायची मुभा वेगळी द्यावी लागते. ती मी दिली. पण चांदणी जातीची हावरट. मोकळी सोडली तर पहिल्या ‘जिल्हा’पासून पार शेवटच्या ‘लातूर’पर्यंत सगळी लग्नाळू पोरं एका घासात गिळते. म्हणून तिच्यापुढं प्रश्नचिन्ह ठेवलं, की बाई, पहिलं लातूर दिसलं की थांब. ‘जिल्हा.*?लातूर’. एवढं कुणाला सुचतं, सांगा.

ती थांबली. थांबण्यात तिची चूक नाही. कोणत्या ‘जिल्हा’पासून निघायचं ते मी सांगितलं नव्हतं. अख्ख्या पुस्तिकेत नांदेड जिल्ह्याची नोंद एकच, आपल्या शिवगंगेची, तीही मामा म्हणून मीच घुसवलेली. चांदणी तिच्या ‘जिल्हा’पाशी उभी राहिली, पुढं ‘नांदेड’ दिसलं, तर ते गिळून, ओळी ओलांडत, पुढच्या नोंदीतल्या लातूरपर्यंत गेली. पुढची नोंद उदगीरच्या वीरभद्रची. शिवगंगेचा नंबर गेला, वीरभद्रचं नाव गेलं, वय गेलं, शिक्षण गेलं. राहिले टँकर, अपेक्षा आणि मोबाईल नंबर, ते सगळं शिवगंगेला चिकटलं. ‘मधे फक्त मोकळी जागा, रेघ किंवा स्वल्पविराम चालेल’ एवढंच लिहिलं असतं तर भागलं असतं. मी छपाईआधी तपासलं नाही असं नाही. ‘लातूर’ शोधलं, एकही उरलं नव्हतं. समाधानानं घरी गेलो.

पुढचं आपल्याला ठाऊक नसणार. अशा दुष्काळात दोन टँकरवाली बी.एस्सी. मुलगी म्हटल्यावर लातूरपासून निलंग्यापर्यंत पाव्हणे खडबडून उठले. फोन सगळे वीरभद्रला. तो दुकानात आला तेव्हा मला वाटलं, आता मार बसतो. मी टिंबापासून समजवायला सुरुवात केली. तो म्हणाला, “काका, ते राहू द्या. तुमची भाची कुठं द्यायची ती द्या, पण ह्या लोकांत नको. एकानंबी पोरीचं नाव विचारलं न्हाई. टँकर कुणाच्या नावावर हाय, एवढंच विचारतेत.” जे जे असं विचारतील त्यांना तो ‘जमलं हो’ म्हणून परस्पर वाटेला लावून राहिला. आपल्याकडं एकही स्थळ आलं नाही, त्याचं कारण हे.

तरी राग नसावा, ही विनंती.

आपला,
पंचाक्षरी

ता. क. येत्या रविवारी शिवगंगेला घेऊन जळकोटला यावं. वीरभद्रची आई सहज म्हणून येणार आहे. मुलगा निर्व्यसनी, शिक्षण डिप्लोमा. (पुस्तिकेत सापडणार नाही.)

ता. क. दुसरा. आमच्या हौदात परवापासून पाणी आहे. कुणी ओतलं, ते विचारू नये.

ता. क. तिसरा, आणि हा अक्कालाही दाखवू नये. पुस्तिकेतला तो नंबर बघून पहिला फोन शिवगंगेनंच केला होता, भांडायला. महिना झाला, भांडण अजून चालूच आहे. हे पत्र मी तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मामा, तुमची चूक आणखी मोठी करून लिहा. अप्पा रविवारपर्यंत तुमच्यावरच चिडलेले बरे.” म्हणून चांदणीचं इतकं लांबवलं. आपण चिडला असाल, तर तसेच यावं.